चौथा पेला

शनिवारी तीस्कारच्या दुकानासमोर बस लागायची, आणि बस लागली की गावातल्या निम्म्या लोकांना नेमकं त्याच गल्लीत काम निघायचं. शहरातली माणसं ऑलिव्हचं तेल कशी पितात ते बघायचं असायचं, दुसरं काय. आता तेल ही काय प्यायची गोष्ट आहे? पण तीस्कार त्यांना प्यायला लावायची. लहान निळे पेले, त्यांच्यावर काचेची झाकणं. पेले निळे अशासाठी की तेलाचा रंग दिसू नये. रंग दिसला की माणूस जीभ वापरायचं सोडून देतो, असं तिचं म्हणणं. पेला तळहातात धरून कोमट करायचा, झाकण काढून त्यात नाक खुपसायचं, मग घोटभर तेल तोंडात घेऊन दातांच्या फटीतून सुर्रकन हवा ओढायची. की लागलाच सगळ्यांना ठसका. त्यांना वाटायचं काहीतरी चुकलं. तीस्कार म्हणायची, ठसका लागला म्हणजे तेल ताजं आहे. मग सगळे हसायचे, डोळे पुसायचे, आणि त्यानंतर पाव यायचा, बकरीचं चीज यायचं, बरणीत तेलात मुरवलेलं डुकराचं मांस, सुक्या अंजिराची वडी. जाताना पिशव्या भरभरून न्यायचे बिचारे.

पेले चार असायचे. तीन चांगल्या तेलांचे आणि चौथा वाईट तेलाचा. कुठला कोणता ते ती आधी सांगायची नाही. वाईट म्हणजे काय ते कळल्याशिवाय चांगलं कळत नाही, एवढंच सांगायची. चौथा पेला नाकाशी नेला की माणसं तोंडं वाकडी करायची. कुणी म्हणायचं ओलं गोणपाट, कुणी म्हणायचं पायमोजे. त्या चौथ्या पेल्यात काय असतं ते गावात दोनच बायकांना माहीत होतं. एक तीस्कार, आणि दुसरी शेजारची पाववाली रेमेदियोस.

तीस्कार ही ओलमेदोंच्या घरातली धाकटी. साठी उलटलेली, बुटकी, तोंडाने फटकळ. लग्न केलं नाही आणि त्याचं दुःखही कधी केलं नाही. आधी ती शाळेच्या स्वयंपाकघरात होती. गावात पोरंच उरली नाहीत तेव्हा शाळा बंद पडली, आणि ही बाई पंचेचाळिशीत खाएन शहरात जाऊन तेल चाखायचं शिकून आली. गाव केवढं हसलं तेव्हा. आमच्याकडे पोराला दात यायच्या आत त्याच्या तोंडात तेलात बुडवलेला पाव जातो, आणि ही म्हणे शिकायला निघाली!

पण शिकवणीचा पहिला दिवस तिने कित्येक वर्षं कुणाला सांगितला नाही. मास्तरांनी दोन पेले पुढे ठेवले आणि विचारलं, यातलं चांगलं कुठलं? हिने क्षणाचाही विचार न करता दुसऱ्यावर बोट ठेवलं. त्याला घराचा वास येत होता. बाबांच्या कोटाचा, चुलीजवळच्या बाकाचा, थंडीतल्या सकाळच्या पावाचा. सगळा वर्ग हसला. मास्तर भला माणूस, त्याने हळूच सांगितलं की बाई, हे नासक्या फळांचं तेल आहे. ढिगाचा दोष म्हणतात याला. फळं झाडावरून उतरवून ढीग घालून ठेवली की ती तापतात, आंबतात, आणि तो कुबट वास तेलात उतरतो.

तिला सगळं उमगलं. तिच्या लहानपणी गावात एकच घाणा होता आणि प्रत्येक घराची फळं घाण्याच्या अंगणात आपापल्या कप्प्यात ढीग करून पडलेली असायची, नंबर लागेपर्यंत. कधी कधी आठवडेच्या आठवडे. सगळ्या गावाचं तेल कुबट व्हायचं, आणि सगळं गाव त्या वासालाच तेलाचा वास समजायचं. आपला बाप जन्मभर नासकं तेल खाऊन, त्याचं कौतुक करत मेला, हे कळल्यावर बाई परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडली. नंतर शिकली मात्र जिद्दीने. इतकी, की नुसत्या वासावरून फळ झाडावरचं की जमिनीवरून वेचलेलं ते सांगायची.

आणि तिचा भाऊ खिनेस. तिच्याहून बराच थोरला. लहानपणी तिला खांद्यावर बसवून डोंगरावर नेणारा. बापाची झाडं त्याच्या वाट्याला आली होती. झाडं म्हणजे काय, उभ्या चढावर चिकटलेली म्हातारी खोडं. तिथे यंत्र चढत नाही, धड गाढवही चढत नाही. बायको होती तोवर दोघं मिळून काठ्यांनी फळांची झोडणी करायची. बायको गेली, अम्पारो तिचं नाव, आणि खिनेसने हाय खाल्ली. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. बोलणं बंद, जेवण बंद. तीस्कार रोज डबा घेऊन जायची आणि रोज तसाच परत आणायची. डॉक्टर म्हणाले, वयच झालंय. म्हणजे काय, तर हा आता जायचाच.

तो उठला डिसेंबरात, फळं काळी झाली तेव्हा. कुणी सांगितलं नाही, समजावलं नाही. एका सकाळी काठी घेऊन डोंगरावर गेला. एकट्याने झोडायचा, एकट्याने वेचायचा, झाडावरची नि जमिनीवरची फळं एकाच गोणीत भरायचा. शेजारच्या गावचा घाणा एकट्या माणसाचं तेल वेगळं काढून देतो, पण त्यासाठी फळं बरीच लागतात. म्हाताऱ्याचा हात चालून चालून किती चालणार? गोण्या खोपटात साठत राहायच्या. पहिल्या गोणीतली फळं शेवटची गोणी भरेपर्यंत वाफ सोडायला लागायची.

जानेवारी संपता संपता तो डबा घेऊन दुकानात आला. टोपी हातात धरून उभा राहिला. बहीण आता शिकलेली, तिने सांगावं कसं झालंय ते. तीस्कारने झाकण उघडलं आणि पेल्यात ओतायच्या आधीच तिला कळलं. खाएनच्या त्या वर्गातला दुसरा पेला तिच्या नाकासमोर उभा राहिला. भावाकडे पाहिलं तर तो तिच्या तोंडाकडे बघत होता. दाढी केली होती त्याने, किती महिन्यांनी.

“बाबांच्या तेलासारखं झालंय,” ती म्हणाली.

तो हसला. अम्पारो गेल्यानंतर पहिल्यांदा. आणि खोटं तरी काय बोलली ती? बाबांच्या तेलासारखंच होतं.

तिथून सगळं सुरू झालं. बापाच्या नावाची चिठ्ठी लावून तिने त्या तेलाच्या बाटल्या वरच्या फळीवर मांडल्या. एकही विकली नाही. विकणार कशी, तिच्या दुकानाचं नावच मुळी चोख तेलासाठी होतं. खिनेस रविवारी यायचा तेव्हा आधी चार बाटल्या काढून मागच्या खोलीत ठेवायची, म्हणजे फळीवर जागा रिकामी दिसेल. तो तिकडे बघायचा, आणि चालताना पाठ ताठ व्हायची त्याची. तेलाचे पैसे ती पदरचे द्यायची. एकदा तिने आडून आडून सांगून पाहिलं की गोण्या इतक्या दिवस ठेवू नकोस, मजूर लावू, मी बघते. तो म्हणाला, मजूर माझी झाडं मोडतील, आणि बाबा तर महिना महिना ठेवायचे. विषय संपला. पुढे ती कधी बोलली नाही. ती झाडं आणि ते तेल एवढ्यावरच हा माणूस जगतोय. उद्या त्याला कळलं की आपलं तेल कुणी घेत नाही, तर तो परत भिंतीकडे तोंड करील आणि या वेळेला उठणार नाही, याची तिला खात्री होती.

मागच्या खोलीतल्या बाटल्या रेमेदियोस न्यायची. खराब तेलाचा साबण करायची आमच्याकडे जुनी रीत, आणि रेमेदियोसचा हात त्यात चांगला. वड्या कापून निम्म्या ती तीस्कारला आणून द्यायची. एवढं करून थोडं तेल उरायचंच. ते चौथ्या पेल्यात जायचं.

रेमेदियोसने एकदा तिला चांगलं फैलावर घेतलं होतं, की साबणाचं एक ठीक आहे, पण सख्ख्या भावाचं तेल नासकं म्हणून लोकांपुढे मांडतेस, तुला काही वाटत नाही का? तीस्कारकडे उत्तर होतं, पण ते रेमेदियोसला पटलं नाही आणि खरं सांगायचं तर मलाही नीटसं पटत नाही. ती म्हणायची, आता सगळे घाणे स्वच्छ झाले, असं तेल मागूनसुद्धा मिळत नाही. आणि दुसरं म्हणजे, त्याने एवढे हाल काढून केलेलं तेल, कुणाच्या तरी जिभेला लागू दे.

अशी काही वर्षं निघाली. खिनेस शनिवारचा कधी खाली यायचा नाही. निळ्या पेल्यांची त्याला चीड होती. माल झाकून विकणारा माणूस लबाड, असं त्याचं मत, आणि बहिणीला तो ते तोंडावर ऐकवायचा.

पण त्या फेब्रुवारीत पाऊस लागला. चढावर पाय ठरेना. शनिवारी सकाळी घरात बसून कंटाळलेला खिनेस कोट घालून निघाला. लग्नाकार्याचा कोट. रेमेदियोसने त्याला गल्लीत पाहिलं, हाक मारली, गरम पाव खाऊन जा म्हणाली, पण तो थांबला नाही. म्हणाला, बघून येतो, बाबांचं तेल कोण नेतंय ते.

तो आत शिरला तेव्हा पेले भरून झाले होते. बसमधली माणसं लांब टेबलाभोवती बसली होती. त्यांच्यात माद्रिदचा एक टकला गृहस्थ होता. वसंतात एकदा येऊन गेलेला, आता मेव्हण्याला दाखवायला परत आलेला. दारात भिजलेला म्हातारा शेतकरी पाहून त्या लोकांना कोण आनंद! खरा ऑलिव्हवाला! बसा बसा, आमच्यात बसा. कुणीतरी खुर्ची ओढली, कुणीतरी न आलेल्या पाहुण्याचे चार पेले त्याच्यासमोर सरकवले. तीस्कार लगबगीने टेबलाशी आली. ती म्हणाली, त्याला राहू द्या, तो थकलाय. पण खिनेस बसलासुद्धा होता, कोटाच्या गुंड्या लावून, पाहुण्यासारखा.

पहिला पेला झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. तीस्कार शब्द शोधत शोधत बोलत होती. एरवी तेलातल्या ताज्या टोमॅटोच्या पानाच्या, हिरव्या बदामाच्या वासावर तिची गाडी सुटली की थांबायची नाही. त्या दिवशी तिला काही सुचेना. खिनेसला तर ठसकासुद्धा लागला नाही. शेजारच्या बाईला म्हणाला, हे गवत आहे, गाढवाला द्या. बाई खूश झाली. तिसऱ्यानंतर तीस्कारने ट्रे उचलला आणि जाहीर केलं, की आज वेळ कमी आहे, आता पाव आणते.

“आणि चौथा?” टकल्या म्हणाला. “अहो बाई, त्याच्यासाठी तर मेव्हण्याला आणलंय.”

सगळ्यांनी झाकणं काढली. सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. एकाने पेला खाली ठेवून हात पुसला. आणि खिनेसने पेला दोन्ही हातांत धरून नाकाशी नेला, डोळे मिटले, घोट घेतला. पुन्हा घेतला.

टकल्याने मुद्दाम त्यालाच विचारलं. “तुम्ही सांगा आजोबा. चारातलं चांगलं कुठलं?”

“हे,” खिनेस म्हणाला. “हेच तेल. बाकीचं सगळं पाणी.”

टेबलावर हशा पिकला. वाईट हेतूचा नव्हता तो, म्हाताऱ्याने गंमत केली असं वाटलं त्यांना. खिनेसही थोडं हसला. मग त्याने तिसऱ्यांदा घोट घेतला आणि त्याचा चेहरा उजळला. मी दुकानाच्या काचेबाहेर उभा होतो, मला दिसत होतं. आमच्या गावात आपलं पोर गर्दीत ओळखू येतं तसं आपलं तेल ओळखू येतं.

“हे माझं आहे,” तो म्हणाला. “माझ्या चढावरचं. सांग ना पोरी यांना.”

तीस्कारने तोंड उघडलं. त्या वेळेला ती काहीही म्हणाली असती तर चाललं असतं, असं नंतर गावात प्रत्येकाने म्हणून झालं. पण बोलणाऱ्याचं काय जातं. तिच्याआधी टकल्याच बोलला, आणि तोसुद्धा म्हाताऱ्याची चूक नीट समजावून द्यावी म्हणून, अगदी प्रेमाने.

“नाही हो आजोबा. चौथा नासक्या तेलाचा असतो. बाईंनीच सांगितलं होतं मागच्या वेळी. नासकं कसं लागतं ते कळावं म्हणून ठेवतात.”

खिनेसने बहिणीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. एवढं पुरे होतं. मग त्याने वर, फळीवर पाहिलं, बापाच्या नावाच्या बाटल्यांकडे, त्यांच्यातल्या रिकाम्या जागेकडे. पेल्यात उरलेलं तेल त्याने शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन टाकलं, पेला ट्रेमध्ये जागच्या जागी ठेवला, त्यावर झाकण ठेवलं आणि उठला. चालू द्या तुमचं, म्हणाला, आणि पावसात निघून गेला.

बस गेल्यावर तीस्कार त्याच्या घरी गेली. तो चुलीशी बसला होता, कोट अजून अंगावर. तिने सगळं सांगितलं. ढिगाचा दोष सांगितला, खाएनचा पहिला दिवस सांगितला, आपणही त्याच पेल्यावर बोट ठेवलं होतं हे सांगितलं, रडली. त्याने ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं, असं ती नंतर रेमेदियोसला म्हणाली. ओरडायचं, काहीतरी फेकून मारायचं. त्याने फक्त विचारलं, की बाकीचं तेल कुठे जायचं?

“रेमेदियोस साबण करते.”

त्याने मोरीकडे पाहिलं. तिथे तीस्कारनेच आणून दिलेली वडी होती.

“हाच?”

“हो.”

“चांगला आहे,” तो म्हणाला. “साबण चांगला आहे.”

पुढे तो पडून राहिला नाही. तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. रोज उठायचा, दाढी करायचा, चौकातल्या बाकावर येऊन बसायचा. तीस्कारशीही बोलायचा, हवापाण्याचं. तिला वाटलं, निभावलं. तिने चौथा पेला बंद केला, वरची फळी रिकामी केली. टकल्याने मेव्हण्याच्या मार्फत माफी मागितली, तीही तिने खिनेसला पोचवली. तो म्हणाला, त्याचं काय चुकलं? खरं तेच बोलला.

मग पुढचा डिसेंबर आला. चौफेर डोंगरांवर काठ्या वाजायला लागल्या आणि खिनेसचा चढ तसाच राहिला. फळं काळी झाली, सुरकुतली, गळायला लागली. जानेवारीत सान अन्तोन या संताच्या सणाला होळी पेटते, तिला प्रत्येक घरातून छाटलेल्या ऑलिव्हच्या फांद्या येतात. खिनेसच्या घरातून काही आलं नाही. लोक तीस्कारला विचारायला लागले, भाऊ आजारी आहे का? तिने दोन मजूर ठरवले, त्याला न विचारता पाठवले. तो काठी घेऊन उठेल, त्यांना हाकलून देईल, निदान शिव्या तरी देईल, या आशेने. त्याने त्यांना पाणी प्यायला विहीर दाखवली, न्या म्हणाला, तुम्हीच घ्या फळं. जमिनीवर पडून कुजलेली कोण नेणार? ते परत आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वतः गेली. बरोबर वाटाण्याची उसळ नेली, आणि दुकानातल्या सगळ्यात चांगल्या तेलाची बाटली, नोव्हेंबरातली, हिरवी. तो जेवायला बसला होता. पाव, टोमॅटो, मीठ. आणि टेबलाच्या मधोमध प्लॅस्टिकची पिवळ्या बुचाची बाटली. बाजारच्या दुकानातलं सूर्यफुलाचं तेल.

तीस्कार दारातच थबकली. आमच्या गावात लढाईच्या काळात माणसांनी गवताची मुळं खाल्ली, पण पावावर सूर्यफुलाचं तेल कुणी घातलं नाही. आणि हा ओलमेदोंचा थोरला, ज्याच्या अंगाखांद्याला जन्मभर तेलाचा वास. तिने आपली बाटली टेबलावर ठेवली, बूच काढलं. त्याने बूच उचलून परत लावलं आणि बाटली तिच्याकडे सरकवली.

“हे विकायचं आहे,” तो म्हणाला. “विक.”

“खिनेस, मी काय केलं असतं, तूच सांग. तू मेला असतास.”

“हो,” तो म्हणाला. त्याला ते कबूल होतं.

मग त्याने पावाचा तुकडा कापला, त्यावर टोमॅटो चोळला, पिवळ्या बुचाच्या बाटलीतलं तेल घातलं, मीठ घातलं आणि तिच्यासमोर धरला. त्याच्या हाताला साबणाचा वास येत होता.

“बस, खा,” तो म्हणाला. “याला कसलाच वास नाही.”

ती बसली. तिने तो पाव हातात घेतला, सवयीने आधी नाकाशी नेला आणि मग खाल्ला. खरंच कसलाच वास नव्हता.